आमच्या विद्यार्थिनीस

पेटीवाल्यांच्या दुकानात त्या दिवसांत सगळ्यांत सुतकी चेहरा कुणा गिऱ्हाइकाचा नव्हता, घरच्याच मुलीचा होता. दुकान अंत्यविधीचं. पुढच्या खोलीत शवपेट्या मांडलेल्या, मधल्या खोलीत फुलं आणि पुष्पचक्रांच्या तारा, मागच्या थंड खोलीत ज्यांचं सगळं करायचं ती मंडळी, आणि वरच्या मजल्यावर संसार. मुलगी पुढच्या खोलीत टेबलाशी बसून टेलिफोनकडे अशी टक लावून पाहत असे, की रडत आलेली माणसंसुद्धा आपलं दुःख घटकाभर बाजूला ठेवून तिलाच विचारत, "तुमचं कोण हो, बाळ?"

तिचं कुणी गेलं नव्हतं. तिला फिजिओथेरपीच्या कॉलेजात जायचं होतं, आणि प्रतीक्षा यादीत तिचं नाव सगळ्यांत वर येऊन अडकलं होतं. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला खारू म्हणत. आता ही खार खुर्चीला खिळली होती. कॉलेजचा नियम असा, की एखादी जागा रिकामी झाली तर प्रवेश विभागातून फोन येणार. फोनवर होकार दिला तर जागा तुमची, नाहीतर पुढच्याची. खारूनं अर्जावर आपला मोबाइल न देता दुकानाचा नंबर दिला होता, आणि तो पूर्ण विचार करून दिला होता. मोबाइल बंद पडतो, त्याची रेंज जाते, तो पिशवीच्या तळाशी राहतो. अंत्यविधीच्या दुकानाचा फोन मात्र जगबुडी आली तरी उचलला जातो. जगबुडी आली तर जरा जास्तच तत्परतेनं.

"पण तुला हेच का शिकायचंय?" पेटीवाल्यांनी तिला एकदा विचारलं होतं.

"बाबा, ज्यात गिऱ्हाईक उठून चालायला लागतं असा एखादा धंदा करावासा वाटतो."

"आपल्याकडं तसं झालं तर पळता भुई थोडी होईल," आई फुलांचे देठ कापता कापता म्हणाली.

पेटीवाले हसले नाहीत. त्यांना हसताच येत नसे. त्यांच्या चेहऱ्यावर तीन पिढ्यांचं दुःख बसलेलं होतं, आणि ते सगळं दुसऱ्यांचं होतं. स्वतःच्या लग्नात ते असे उभे होते, की पाहुण्यांनी आहेर देऊन वर त्यांचं सांत्वन केलं. ते बाजारात गेले की भाजीवाला भाव करण्याआधीच दर उतरवी आणि वर म्हणे, "आता मन घट्ट करा." दुकानाचा त्यांचा कायदाही तसाच कडक होता. पुढच्या खोलीत हसायचं नाही, शीळ घालायची नाही, चांगली बातमी मोठ्यानं बोलायची नाही. समोर कुणाचं तरी सगळं संपलेलं असतं, त्याच्या देखत आपलं काही सुरू झाल्याचं दाखवू नये. खारू जन्मल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलं होतं. पेटीवाल्यांनी डोळे मिटून "ऐकून वाईट वाटलं" असं म्हणत फोन ठेवला होता. आईनं ते अजून विसरलेलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी एक विधवा बाई आल्या. नवरा आदल्या दिवशी बसल्या जागी गेलेला. पेट्या पाहता पाहता त्यांना रडू कोसळे, रडता रडता त्या पेटीच्या कड्या ओढून पाहत आणि "ही जरा हलकी वाटते" म्हणून पुन्हा रडत. खारू टेबलाशी बसल्या बसल्या पेंगत होती. तिचं डोकं टेलिफोनवर टेकलेलं पाहून पेटीवाले हळूच म्हणाले, "जा, तोंड धुऊन ये. मी आहे इथं."

"फोन आला तर?"

"मी उचलीन. आयुष्यभर दुसरं काय केलंय?"

खारू जिना चढून वर गेली. तिनं नळ सोडला असेल नसेल तोच फोन वाजला.

पेटीवाल्यांनी आधी रीतीप्रमाणे एक श्वासभर थांबून मग रिसीव्हर कानाला लावला. "अंत्यविधी सेवा. सावकाश बोला, आम्ही आहोत."

पलीकडे कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाई होत्या. बाई हळव्या. टेबलावरचं रोप सुकलं तरी अर्धी रजा टाकणाऱ्या. त्यांनी एका विद्यार्थिनीच्या घरी फोन केला होता आणि तो उचलला होता अंत्यविधीवाल्यांनी. त्यांनी अर्जावरचा नंबर पुन्हा पडताळून पाहिला.

"हा नंबर... आमच्याकडं अर्ज केलेल्या एका मुलीचा ना?"

फोन कुठला ते पेटीवाल्यांनी लगेच ओळखलं. पण समोर विधवा बाई एका पेटीवर डोकं टेकून हुंदके देत होत्या. त्यांच्या देखत "हो हो, बोला, मिळाली का जागा?" असं विचारण्यापेक्षा पेटीवाल्यांनी जीभ हासडून दिली असती. त्यांनी आवाज आणखी खाली नेला. "होय. मी तिचा बाप."

"मी प्रवेशाबाबत बोलत होते..."

नेमक्या त्याच क्षणी विधवा बाईंनी हंबरडा फोडला. "अजून काहीच पाहिलं नव्हतं हो! एवढी कसली घाई होती!"

तो हंबरडा टेलिफोनच्या तारेतून सरळ प्रवेश विभागात पोचला.

"बाई, आत्ता मला काही बोलता येणार नाही," पेटीवाले पुटपुटले. "समोर मंडळी बसली आहेत. तुम्ही समजून घ्या."

"समजले," पलीकडच्या बाई कशाबशा म्हणाल्या. "काळजी घ्या स्वतःची." आणि त्यांना रडू फुटलं, फोन बंद झाला.

पेटीवाले रिसीव्हर हातात धरून उभे राहिले. रडणाऱ्या माणसांची त्यांना सवय होती, पण कॉलेजातून फोन करून कुणी रडलं नव्हतं. विधवा बाईंची पेटी ठरवून, त्यांना रिक्षात बसवून ते मधल्या खोलीत आले आणि बायकोजवळ स्टुलावर बसले.

"फोन आला होता. कॉलेजचा."

"मग?" आईच्या हातातली कात्री थांबली.

"नाही मिळालं."

"असं म्हणाले?"

"म्हणणं जमलंच नाही तिला. सांगताना बाई रडायला लागली. सांगणाऱ्यालाच रडू यावं इतका वाईट नकार मी तरी ऐकलेला नाही."

"बाई गं," आई म्हणाली. "असे काय मार्क पडले होते पोरीला?"

तिकडं कॉलेजात काय चाललंय याची या दोघांना काय कल्पना? प्रवेशबाई डोळे पुसत विभागप्रमुखांच्या खोलीत शिरल्या होत्या. विभागप्रमुख म्हणजे सर. तोंडानं तिखट. अर्जाबरोबर मुलांनी लिहिलेले निबंध ते स्वतः वाचत, आणि खारूच्या निबंधाला त्यांनीच सर्वांत कमी गुण दिले होते. तेवढ्यामुळंच ती यादीत मागं पडली होती. बातमी ऐकून सर खुर्चीत खचले. "माझ्यामुळं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी निबंध मागवला, पुन्हा वाचला, आणि आता त्यांना तो अप्रतिम वाटला. दुपारी समितीची बैठक आधीच ठरलेली होती. तीत सर उभे राहून असं बोलले, की कधी कुणाशी जुळवून न घेणारे रजिस्ट्रारसुद्धा गप्प झाले. दोन मिनिटं शांतता पाळली गेली. रिकामी जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली गेली. पुष्पचक्र पाठवायचं ठरलं, आणि ते घेऊन सरांनी आणि रजिस्ट्रारनी स्वतः भेटीला जायचं ठरलं.

दुकानाचा फोन पुन्हा वाजला तेव्हा खारू वर जेवायला बसली होती, म्हणून तो आईनं घेतला. पुष्पचक्रांचं खातं तिचं.

"फिजिओथेरपीच्या कॉलेजतर्फे एक पुष्पचक्र हवंय," एक पुरुषी आवाज म्हणाला. "मोठं. रिबनवर फक्त 'आमच्या विद्यार्थिनीस' एवढंच."

"कुठं पोचवायचं?"

"कुठंच नको, तुमच्याकडंच ठेवा. ती तिथंच आहे म्हणे. आम्ही संध्याकाळी येतोय."

आईला यात काही वावगं वाटलं नाही. लोकांची पुष्पचक्रं दुकानातच येत, कारण ज्यांच्यासाठी येत ती मंडळी मागच्या खोलीत असत. आणि मागच्या खोलीत त्या दिवशी खरोखरच एक आजीबाई होत्या, तरुणपणी बऱ्याच शिकलेल्या. नातेवाईक सांगत होते, त्याच कॉलेजातल्या पहिल्या मुलींपैकी होत्या म्हणे. आईनं मनात म्हटलं, कॉलेज जुन्या माणसांची बरी आठवण ठेवतं. नव्यांना मात्र दारात उभं करत नाही.

आता प्रश्न राहिला खारूला सांगायचा. पेटीवाल्यांनी हजारोंना वाईट बातम्या सांगण्यात मदत केली होती. पण पोरीला सांगायचं म्हटल्यावर ते पेट्यांच्या कड्या पुसत बसले. आई म्हणाली, "आत्ता नको, जेवल्यावर सांगा." जेवल्यावर खारू पुन्हा फोनपाशी जाऊन बसली, तेव्हा आई म्हणाली, "जरा वेळानं सांगा." शेवटी आई म्हणाली, "अहो, सांगा एकदाचं, नाहीतर पोर तिथंच म्हातारी होईल."

पेटीवाले पुढच्या खोलीत आले. खारूच्या मागं उभे राहिले. घसा खाकरला.

"आज हवा जरा कोंदट आहे," ते म्हणाले.

"हं."

"पण सगळं निभावतं. माणूस सगळ्यातून जातो." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

खारूनं मान वळवली नाही. "बाबा, हात काढा."

"का गं?"

"हा गिऱ्हाइकांचा हात आहे. घरचा नाही. फोन येऊन गेला ना?"

"येऊन गेला," पेटीवाले म्हणाले. हात मात्र त्यांना काढता येईना. कारण या हाताव्यतिरिक्त दुसरा कुठला हात वापरायचा हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. बाहेर रस्त्यावर दोन मुलं सायकलच्या घंटा वाजवत गेली. खारूनं टेलिफोन हातानं टेबलाच्या पार टोकाला सरकवला.

"रडून घे," बाप म्हणाला.

"इथं नको. गिऱ्हाईक येईल."

मधल्या खोलीत जाऊन ती रडली. आईनं तिला जवळ घेतलं, आणि मग आपल्या पद्धतीनं सावरलं, म्हणजे तिच्या हातात तारेचं कडं दिलं. "हे एक करून टाक. माझी बोटं आखडली आहेत. रिबन तिथं आहे, अक्षर तुझं बरं आहे."

खारूनं रिबन वाचली. "कुणाकडून?"

"तुझ्या त्या कॉलेजकडून. मागच्या आजींसाठी असेल."

"म्हणजे त्यांना मेलेल्या चालतात," खारू म्हणाली आणि कामाला लागली. असं पुष्पचक्र त्या दुकानातून त्याआधी कधी गेलं नव्हतं आणि पुढंही जाणार नव्हतं. तिनं फुलं अशी गच्च भरली, की मधे टाचणी जायला जागा राहिली नाही. पांढऱ्या फुलांवर अश्रू पडले ते दवासारखे दिसले, आणि आई म्हणाली, "शिंपडायची कटकट वाचली."

संध्याकाळी काळ्या कपड्यांतले दोन पुरुष आले. खारूनं डोळे धुतले, काळा कोट चढवला आणि ती दाराशी गेली. काम ते काम. "या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पाणी घेता?"

रजिस्ट्रारांनी पाणी घेतलं. सरांनी पेला तसाच बाजूला ठेवला. ते एका खुर्चीत बसले आणि टेबलावरच्या पुष्पचक्राकडं पाहून त्यांचा चेहरा पिळवटला.

"कोणी जवळच्या होत्या का?" खारूनं विचारलं. शोकातल्या माणसाला बोलतं करावं, हे तिला घरातूनच ठाऊक होतं.

"भेटसुद्धा झाली नाही," सर म्हणाले. "तेच तर खातंय मला. मी तिच्यावर अन्याय केला. माझ्या एका फटकाऱ्यानं तिचं... जाऊ दे. तुम्हाला काय सांगायचं!"

"सांगा. सांगितलं की हलकं वाटतं."

"तिनं काय लिहिलं होतं ठाऊक आहे? आजही पाठ आहे मला. 'आमच्या घरी माणूस एकदा आला की परत जात नाही. मला असं काम करायचंय की तो माणूस कुरकुरत का होईना, पायऱ्या उतरून आपल्या घरी जाईल.' एवढं साधं! आणि मी शेरा काय मारला? 'विषयाचं गांभीर्य नाही.'"

खारूच्या हातातला पाण्याचा तांब्या तिरका झाला आणि पाणी रजिस्ट्रारांच्या बुटात गेलं.

"सर," ती म्हणाली, "हे वाक्य माझं आहे."

"असू द्या," सर म्हणाले. "चांगली वाक्यं सगळ्यांचीच असतात."

"तसं नाही. मी लिहिलंय ते. तो अर्ज माझा आहे. मीच ती."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग पुष्पचक्राकडं, मग पुन्हा तिच्याकडं. तोंड उघडून ते मागं सरकत गेले आणि भिंतीकडच्या नमुन्याच्या पेटीत जे बसले ते दोघांनी हात धरून काढेपर्यंत बाहेर आले नाहीत. गडबड ऐकून पेटीवाले आणि आई धावत आले. मग एकेकानं आपापली हकीकत सांगितली. पेटीवाल्यांना सगळा उलगडा झाल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे बाई नकार द्यायचा म्हणून रडत नव्हत्या?"

"जागा द्यायला फोन केला होता त्यांनी!" सर ओरडले.

"मग द्या की," आई म्हणाली.

आता बोलायची पाळी रजिस्ट्रारांची होती. त्यांनी आधी बूट काढून पाणी ओतून टाकलं. "ती जागा दुपारी पुढच्या मुलाला गेली. त्यानं होस्टेलच्या खोलीत गादीसुद्धा पसरली आहे."

"पण मी जिवंत आहे," खारू म्हणाली.

"ते मला दिसतंय. पण ठराव झालेला आहे. समितीनं एकमतानं तुमचं निधन मंजूर केलंय. ते रद्द करायला पुन्हा समिती बसवावी लागेल, आणि ती बसते पुढच्या वर्षी."

पुढच्या खोलीत शांतता पसरली. तशी त्या खोलीत रोजच असे, पण या वेळी ती खरी होती. खारू हळूच भिंतीला टेकली. सर मान खाली घालून बसले. पेटीवाल्यांचा हात तिच्या खांद्याकडं निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"ठरावात आणखी काय आहे?" आईनं विचारलं.

"आणखी म्हणजे, दुःख व्यक्त केलंय. आणि सरांच्या आग्रहावरून एक जादा जागा निर्माण केली आहे. दिवंगत विद्यार्थिनीच्या स्मरणार्थ. दर वर्षी एका होतकरू मुलीसाठी. घरचा व्यवसाय अंत्यविधीचा असल्यास प्राधान्य."

"या वर्षीपासून?"

"या वर्षीपासून."

"कुणी अर्ज केलाय?"

"अंत्यविधीच्या धंद्यातल्या घरची, फिजिओथेरपी शिकू पाहणारी मुलगी," रजिस्ट्रार खेकसले, "अशा किती असतील असं तुम्हाला..." आणि ते थांबले. सर हळूहळू ताठ बसले.

"नियमात बसतं का?" सरांनी विचारलं.

रजिस्ट्रारांनी डोळे मिटून सगळे नियम मनात चाळले. "मृताच्या जागेवर मृताला घेऊ नये असा नियम नाही. तो करायची वेळच कधी आली नाही. फक्त दिवंगत मुलीच्या पालकांची संमती लागेल, तिचं नाव वापरायला."

सगळ्यांनी पेटीवाल्यांकडं पाहिलं. पेटीवाल्यांनी सवयीनं मान झुकवली. "अशा प्रसंगी घाईनं निर्णय घेऊ नये. घरच्यांशी बोलून..."

"अहो!" आई किंचाळली. त्या खोलीत घरातलं कुणी इतक्या मोठ्यानं बोलल्याची ती पहिलीच वेळ. "घरचे आपणच!"

अशा रीतीनं खारूला स्वतःच्या स्मरणार्थ ठेवलेल्या जागेवर प्रवेश मिळाला. मागच्या आजीबाईंना फुकटात ते भरगच्च पुष्पचक्र गेलं, कारण त्यावर लिहिलेलं त्यांच्याबाबतीतही खोटं नव्हतं.

पण गोष्ट इथं सुखानं संपली असं वाटत असेल तर तुम्ही सरांना ओळखलं नाही. कॉलेजच्या दालनात खारूचा अर्जावरचा फोटो मोठा करून लावला गेला, खाली सरांचंच भाषण चौकटीत. ती बुद्धिमान होती, विनम्र होती, तिच्या हातांत जन्मजात कसब होतं, असं त्यात लिहिलेलं. खारू रोज त्याखालून पाठीला पोक काढून वर्गात जाई. कारण त्या मुलीच्या पासंगालाही ती पुरत नव्हती. सुरुवातीला सर तिच्याशी फार मायेनं वागले. मग पहिली चाचणी झाली. मनगटाच्या हाडांची नावं सांगताना तिनं दोन हाडं पायातली सांगितली.

सरांनी चष्मा काढला. त्यांना सगळं ठाऊक होतं. कोण जिवंत, कोण मेलं, कुणाचा फोन कुणी उचलला, एकूण एक. तरीही त्यांचे डोळे दालनातल्या फोटोच्या दिशेनं वळले, आणि ते म्हणाले, "ती असती तर आज असं झालं नसतं."

खारूनं मान खाली घातली. सगळा वर्ग उठून दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला, आणि काय करावं ते न सुचून तीही उभी राहिली.